बिभीषणच्या रणगाड्यावरची धूळ

घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो आणि निदान पुढच्या दसऱ्यापर्यंत तिच्यावर कुणी ओरखडा पडू देत नाही. घाटनांदूरच्या भगवानरावांच्या ओसरीवर मात्र सगळं उलटं चाललं होतं. कैक महिने खपून त्यांनी वीतभर लांबीचा रणगाडा जोडला, जीव लावून रंगवला, आणि आता सकाळच्या कोवळ्या उन्हात मांडी घालून ते त्याच रणगाड्याला चुलीतली राख फासत बसले होते.

"अहो, रंगवू रंगवू डोळे फोडून घेतले, अन् आता राख कावून लावायलाव?" रुक्मिणीबाईंनी सुपातली ज्वारी पाखडता पाखडता विचारलं.

"नुस्ती राख न्हाई ही. राख, गेरू अन् रांगोळी. तिन्ही वस्त्रगाळ."

"म्हंजी माजी रांगोळीबी गेली."

"चिमूटभर घेतली."

"अन् माजं पातळ?"

भगवानरावांनी रणगाडा उन्हाकडं वळवून घेतला. राख गाळायला घेतलेला तुकडा जुन्या पातळाचा होता हे खरं, पण ते पातळ जुनं होतं यावर दोघांचं अजून एकमत व्हायचं होतं.

शेजारी मोबाइलवर कीर्तन लागलेलं होतं. भगवानरावांचं ते व्यसनच. पंचक्रोशीत कुठंही सप्ताह बसो, घडीची सतरंजी काखेत मारून ते पहिल्या रांगेत हजर. विणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवल्याशिवाय जागेवर टेकायचे नाहीत, आणि महाराजांनी चाल उचलली की डोळे मिटून अशी मान डोलवायचे, की शेजारच्यालाही वाटावं, आपलं काहीतरी ऐकायचं राहतंय. रणगाड्याचं काम करतानाही कीर्तन हवंच. फक्त गजर सुरू झाला की ब्रश खाली ठेवायचा, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. एकदा टाळीला हात गेला होता आणि तोफेच्या नळीवर हिरव्या रंगाचा लांबलचक फराटा उठला होता.

हा रणगाडा हौसेचा नव्हता. तो दिलेला शब्द होता.

भगवानराव फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत गेली. त्यांच्याच गाडीवर तोफेपाशी असायचा धर्मापुरीचा बिभीषण, मेंढरं राखणाऱ्या घरातला, उंच, काटक आणि गळ्याचा गोड. भगवानराव पुढं, खालच्या अंगाला. बिभीषण मागं, वर तोफेच्या फिरत्या बुरुजात. एकदा झाकणं लागली की दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. कानाला लावलेल्या यंत्रातून आवाज तेवढा यायचा. त्या एका आवाजाच्या भरवशावर भगवानरावांनी टेकाडं चढली, उतरली. सराव आटोपून गाड्या माघारी निघाल्या की बिभीषण हळूच विठ्ठलाचं नाव घ्यायला लागायचा, तेही चालीत. साहेबांनी एकदा दरडावून विचारलं होतं, कोण गातंय म्हणून. "इंजिन असंल साहेब," बिभीषण म्हणाला होता, "ह्या गाडीचं इंजिन लई भाविक हाय."

सुटीवरही दोघं बरोबरच यायचे. रेल्वेतून उतरून आधी धर्मापुरी, बिभीषणच्या घरी चहा, मग भगवानराव आपल्या गावाला. पण चहाच्या आधी उंबऱ्यावर थांबणं आलंच. बिभीषणची बायको सत्यभामा दोघांनाही बाहेर उभं करायची. भाकरीचा तुकडा अंगावरून उतरून लांब टाकायचा, तांब्याभर पाणी पायावर ओतायचं, मग आत. "तुमच्या तिकडची वाळू माज्या घरात नको," असं म्हणायची, आणि तरी ती वाळू वळकटीतून, बुटांतून, पेटीच्या कोपऱ्यांतून निघत राहायची.

दोघंही निवृत्त होऊन घरी आले. नातवंडं बघितली. आणि गेल्या साली बिभीषण दुपारचं जेवून आडवा झाला तो उठलाच नाही.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर सत्यभामा भगवानरावांजवळ येऊन बसली होती. पदराला हात पुसले. मग म्हणाली, "भाऊजी, त्यांची अर्धी जिंदगी ज्याच्यात गेली ती गाडी म्या कदी पाह्यलीच न्हाई. सव्वीस जानेवारीला टीव्हीवर दिसतेत, पन त्या समद्या सारख्याच. त्यांची कशी व्हती?"

भगवानरावांनी सांगायचा यत्न केला. हातवारे केले. रंग सांगितला, उंची सांगितली, बिभीषण कुठं बसायचा ते सांगितलं. सत्यभामा मान हलवत होती, पण तिच्या डोळ्यांपुढं काही उभं राहत नव्हतं हे त्यांना कळत होतं. फोटो म्हणावा तर तिथं फोटो काढायची मुभा नव्हती. शेवटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दाखवतो, वहिनी. वर्षाच्या कीर्तनाला घेऊन येतो."

शब्द तर गेला. मग पुण्याला असलेल्या मुलाला, सत्यमला, फोन झाला, आणि त्याच बनावटीच्या रणगाड्याचे बारीक बारीक सुटे भाग भरलेलं खोकं पार्सलनं आलं. भगवानरावांनी खरा रणगाडा चालवला होता, पण हा चिमट्यानं जोडताना त्यांना घाम फुटला. जोडला. मग वाळूचा पिवळट रंग दिला. त्यावर स्पंजाच्या तुकड्यानं हिरवे पट्टे उठवले, त्यांच्या कडा धुरासारख्या विरत नेल्या. रंग वाळला. रणगाडा हातभर लांब धरून त्यांनी पाहिला आणि त्यांचं मन खट्टू झालं. दुकानाच्या काचेत ठेवायच्या लायकीचा झाला होता. पण ह्या गाडीत आपण कधी बसलोच नाही, असं त्यांना वाटलं. हीच गाडी सत्यभामेपुढं ठेवायची तर टीव्ही काय वाईट होता? आणि बिभीषणची गाडी तिला दाखवू शकेल असा आता दुसरा कोण उरला होता?

तेव्हापासून नव्या गाडीला जुनं करायचं काम सुरू झालं. पातळ केलेला काळपट रंग सांध्यासांध्यांतून सोडला. चाकांवरून फिरणाऱ्या साखळपट्ट्यांची कड जमिनीवर घासून चकाकते, तिथं शिसपेन्सिल घासली. धुराड्याची जागा डाव्या अंगाला, मागं. तिथं लावायला देवघरातल्या समईची काजळी घेतली, आणि घेताना देवाची माफीही मागितली. चढाउतरायच्या जागी बुटांनी रंग उडतो, तो बारीक ब्रशनं उडवला. बुरुजावर डावीकडं बिभीषणचं झाकण. त्या तोंडाच्या कडेला भगवानरावांनी एवढीशी जागा, ज्वारीच्या दाण्याएवढी, रंग उडून लोखंड उघडं पडल्यासारखी चकचकीत केली. त्या एका जागेसाठी दोन सकाळी गेल्या.

आणि सगळ्यांत शेवटी धूळ. राख, गेरू, रांगोळी यांचं प्रमाण जमेना. कधी फार तांबडी व्हायची, कधी पिठासारखी. एका सकाळी ती जमली. मऊ ब्रशनं ती टपटप सोडताच रणगाडा एकदम मोठा दिसायला लागला. भगवानराव सरळ उठून उभे राहिले. त्यांच्या नाकाला डिझेलचा वास आला म्हणा ना.

"वरून वार्निश मारा की, म्हंजी जानार न्हाई," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"वार्निश मारलं की धूळ ओली दिसती. मग ती आमच्याकडची धूळ न्हाई राहत."

"मंग हात लागला की?"

"हात लावायचाच न्हाई कुनी."

रुक्मिणीबाई बघत राहिल्या. "माज्या देवघराला कदी एवढं जपलं न्हाई तुमी," म्हणाल्या, पण पाखडलेली ज्वारी घेऊन जाताना जिथून वारा लागत होता ते दार हळूच लावून गेल्या.

वर्षाच्या दिवशी मिक्सरच्या रिकाम्या खोक्यात कापूस भरून रणगाडा निघाला. जीपमध्ये खोकं रुक्मिणीबाईंच्या मांडीवर. खड्डा आला की भगवानराव ड्रायव्हरला म्हणायचे, "सावकास, बाबा." शेवटी तो पोरगा वैतागला. "मामा, खोक्यात काय बाळ हाय का?"

"बाळच समज," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "म्हातारपनी झालेलं."

धर्मापुरीत बिभीषणच्या दारापुढं मांडव पडला होता. फोटोला हार घातलेला, फोटोपुढं टेबल, टेबलावर बिभीषणची काळी घोंगडी घडी घालून अंथरलेली. आचारी बुंदी पाडत होते. बिभीषणचे थोरले भाऊ सुंदरराव लाल फेटा बांधून सगळीकडं ओरडत फिरत होते. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिलं.

"एवढीशीच? आमी म्हटलं ट्रकात घालून आनता."

"बिभीषण ज्याच्यात मावायचा तीच हाय, सुंदरराव. जरा लहान झालीय."

"अन् मळलेली कावून?"

"तशीच हाय ती," भगवानराव एवढंच म्हणाले.

तेवढ्यात निरोप आला, रामहरी महाराजांच्या गाडीचं चाक फाट्यावर बसलंय, कुणीतरी घ्यायला या. कीर्तनाची वेळ होत आलेली. कुणाची तरी मोटारसायकल समोर आली आणि भगवानरावांसारख्या माणसाला महाराजांना आणायला जाऊ नको असं कुणी म्हणणं शक्यच नव्हतं. रुक्मिणीबाई केव्हाच पोळ्या लाटणाऱ्या बायांत जाऊन बसल्या होत्या. भगवानरावांनी खोकं ओसरीवरच्या बाजेवर ठेवलं.

"सुंदरराव, ह्याला पानी न्हाई, फडकं न्हाई. फुंकर सुदीक न्हाई. ध्यान ठेवा."

"आमाला खुळं समजता व्हय? जावा तुमी."

महाराज फाट्यावरच्या हॉटेलात निवांत चहा घेत बसले होते. पाठीमागं बसल्यावर त्यांनी बिभीषणची चौकशी केली, आणि भगवानराव वाऱ्याच्या तोंडी ओरडून ओरडून सगळं सांगत गेले, गाणारं इंजिनसुद्धा. महाराज हसून हसून त्यांच्या पाठीला धरत होते. माघारी पोचेस्तोवर मांडवात टाळकरी उभे राहिले होते, मृदंगाला कणीक लावून झाली होती.

भगवानरावांनी मोटारसायकल लावली आणि ओसरीकडं पाहिलं. बाजेवरचं खोकं उघडं होतं. रिकामं.

रणगाडा उंबऱ्याबाहेरच्या फरशीवर होता. फरशी ओली. बाजूला पितळी तांब्या. अंगणात फेकलेला भाकरीचा तुकडा कोंबडी टोचत होती. आणि सत्यभामा उकिडवी बसून, पदराचं टोक बोटाला गुंडाळून, बुरुज पुसत होती. हलक्या हातानं, लेकराला कानामागं पुसावं तसं.

भगवानरावांचे पाय तिथंच थांबले. ती राख, ती रांगोळी, न जमलेल्या आणि मग एकदम जमलेल्या त्या सकाळी, सगळं फरशीवरून पांढुरकं ओघळून चाललं होतं.

"आले का भाऊजी?" सत्यभामा वर बघून म्हणाली. "थोरल्या भाऊंनी सांगितलं, गाडी आली. बगते तर काय, किती मळलेली! लांबून आलती ना. तशीच उंबऱ्याच्या आत कशी घेऊ? तुकडा उतरला, पाय धुतले. मग म्हटलं वरूनबी पुसून घ्यावी, मानसं येतील."

पिठाच्या हातांनी रुक्मिणीबाई बाहेर आल्या आणि त्यांच्या तोंडावर हातच गेला. "अग बाई, सत्यभामा! ती धूळ त्यांनीच लावलती. मुद्दाम!"

"मुद्दाम?" सत्यभामेनं पदर हातातून सोडला. एकदा रणगाड्याकडं, एकदा फरशीवरच्या ओघळाकडं पाहिलं. "मंग म्या हे काय केलं वो? वर्सभर तुमी..."

सुंदरराव धावत आले, आणि कुणी काही विचारायच्या आतच सांगायला लागले, "म्या मांडवाची दोरी आवळाया गेलतो, एवढा येळ." मग त्यांनी फेटा काढून परत डोक्यावर ठेवला.

भगवानरावांना राग आला होता. खोटं कशाला बोला, आला होता. पण तो कुणावर काढायचा? उंबऱ्याबाहेर उभं राहून हेच पाणी त्यांनी स्वतःच्या पायांवर किती वेळा घेतलं होतं. ते खाली बसले. पिशवीतून धुळीची पुडी काढली, मऊ ब्रश काढला. घाईघाईत का होईना, वरून एक हात फिरवता आला असता. त्यांनी रणगाडा उन्हाला धरला.

"भाऊजी," सत्यभामा पुढं सरकली. आवाज अगदी बारीक झाला होता. "एवढं सांगा. हितला रंगबी माज्याच हातानं गेला का?"

तिचं बोट बुरुजावर डावीकडं, झाकणाच्या तोंडाच्या कडेला होतं. ज्वारीच्या दाण्याएवढ्या त्या जागी लोखंड चमकत होतं. धूळ होती तोवर ते असं कधी चमकलं नव्हतं.

"न्हाई वहिनी. ते तुमच्यानं न्हाई गेलं. ते बिभीषणनं घालवलं."

"म्हंजी?"

"गाडी थांबली की तो कमरंएवढा वर यायचा अन् हितं हात टेकून उभा ऱ्हायचा. कुनी बोलावलं तरी हात काढायचा न्हाई. ऊन असू द्या, थंडी असू द्या. साऱ्या गाडीवर रंग व्हता, तेवढ्या जागी न्हाई. आमी नवा रंग दिला तरी पुन्यांदा जायचा."

"डावा हात का उजवा?"

"डावा. उजव्यात चहाचा मग."

सत्यभामा ताडकन उठली. भगवानरावांच्या बाहीला धरून तिनं त्यांना उंबऱ्यापाशी नेलं. असं तिनं कधी केलं नव्हतं. दाराच्या चौकटीला निळा तेलरंग होता, अजून बरा दिसणारा. डाव्या अंगाला, उंच माणसाच्या खांद्याशी, तळव्याएवढ्या जागेतला रंग पार गेलेला होता आणि आतलं सागवान तेलकट, गुळगुळीत दिसत होतं.

"हितंबी तसंच उभे ऱ्हायचे," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी, मेंढरं येईपर्यंत. दिवाळीला रंग दिला की म्या भांडायची, हात नका लावू म्हनून. मला वाटलं ही खोड घरचीच हाय."

ती परत येऊन फरशीवर बसली. रणगाडा तिनं स्वतःच उचलून मांडीवर घेतला. उघड्या जागेवर करंगळीचं टोक ठेवलं आणि तसंच ठेवून राहिली. तिच्यापुढं आता काय उभं राहिलं असेल ते तिलाच ठाऊक. पण तिची नजर वीतभर लांबीवर नव्हती, चांगली माणूसभर उंचीवर होती. मग हळूच हसली. "चहा सांडत असंल उजव्या हातातला."

"लई. माज्या डोक्यावर."

आता रुक्मिणीबाईही हसल्या, आणि हसता हसता पिठाच्या हातानंच डोळे पुसल्यामुळं त्यांचं तोंड पांढरं झालं.

भगवानरावांनी हातातल्या पुडीकडं पाहिलं. मग रणगाड्याकडं. पाण्यानं वरची धूळ नेली होती, पण झाकणांच्या कडांना, चाकांच्या पोटात, साखळपट्ट्यांच्या सांध्यांत ती बसून राहिली होती, कितीही धुतलं तरी खऱ्या गाडीत राहायची तशीच. सरावावरून परतल्यावर गाडी धुतल्याशिवाय बिभीषण जेवायला बसायचा नाही. सगळे ताटं घेऊन बसलेले, आणि हा बादली घेऊन उभा. वर्षभर आपण सरावावरची गाडी करत बसलो. परत आल्यावरची गाडी काही आपल्या मनात आली नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी पुडीला दोरा गुंडाळला आणि ती पिशवीत टाकली.

"लावा की भाऊजी," सत्यभामा म्हणाली. "म्या आता हात लावत न्हाई."

"नको. बिभीषणनंबी धुतलीच असती. घ्या आत."

ती उठली, रणगाडा दोन्ही हातांवर घेऊन उंबरा ओलांडून आत गेली, देवापुढं क्षणभर थांबली आणि बाहेर येऊन तिनं तो घोंगडीवर ठेवला. विणेकऱ्यानं फोटोला बुक्का लावला, शेजारी रणगाडा दिसला तसं एक बोट त्यालाही लावलं. नेमकं धुराड्यापाशी लागलं. समईची काजळी धुऊन गेली होती. तिच्या जागी हा काळा ठिपका असा बसला की भगवानरावांनी सवयीनं मान कलती करून पाहिलं आणि त्यांना त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

उंबऱ्यापाशी मागं थांबून सगळं ऐकलेले महाराज आता कीर्तनाला उभे राहिले. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली चाल त्यांनी धरली, टाळ उठले, आणि मांडवातली कुजबुज आपोआप विरली. निरूपणात त्यांनी रणगाड्याचं नाव काढलं नाही. फक्त एका जागी थांबून म्हणाले, "देव कुठं उभा राहिला, कसं ओळखायचं? जिथं भक्ताचा हात टेकून टेकून रंग गेला, तिथं. नवा रंग बघायला बाजारात जा, बाबांनो." आणि पुढं गेले. पहिल्या रांगेत सतरंजीवर बसलेल्या भगवानरावांनी डोळे मिटले होते. गजर सुरू झाला. आज हातात ब्रश नव्हता, तेव्हा दोन्ही हात मोकळे होते.

फुलं टाकायची वेळ झाली. झेंडूच्या पाकळ्या फोटोवर पडल्या, घोंगडीवर पडल्या, तोफेच्या नळीवर एक जाऊन अडकली. ती कुणी काढली नाही.

जेवणं उरकून निघताना सुंदरराव जीपपर्यंत आले. अजून त्यांचं मन खात होतं. "भगवानराव, ती धूळ... पुन्यांदा आनून लावता का कदी? म्या सोता राखन बसतो."

"नको हो. धर्मापुरीत काय कमी धूळ हाय? बसंल आपली हळूहळू."

"ती बसू देनार हाय व्हय?" सुंदरराव दाराकडं हात करून म्हणाले.

दारात सत्यभामा उभी होती. हात उंच करून, चौकटीवरच्या त्या उघड्या जागेवर टेकवून, जीप जाण्याची वाट बघत.

जीप निघाली. फाटा मागं पडला. रुक्मिणीबाई रिकामं खोकं मांडीवर सरळ करत म्हणाल्या, "तीच गाडी म्या पुसली असती तर?"

भगवानरावांनी खिडकीबाहेर पाहत थोडा विचार केला.

"बोललो असतो."

"किती?"

"लई."

"मंग नवं पातळ घ्या," रुक्मिणीबाई म्हणाल्या.